एका हाताचं कोळपं

सोयाबीनची सुगी सरत आली की आमच्या भागात मळणी यंत्राची घरघर रात्री उशिरापर्यंत ऐकू येते. आभाळ भरून आलेलं असतं, मजूर मिळत नाही, आणि यंत्रवाल्याला पुढच्या शिवारात जायची घाई असते. अशाच एका संध्याकाळी तात्यांचा उजवा हात गेला. काड पुढं सरकेना म्हणून त्यांनी ते हातानं दाबलं. काडाबरोबर शर्टाची बाही आत ओढली गेली. यंत्र बंद करेपर्यंत कोपराखालचा निम्मा हात राहिला नव्हता.

तात्यांचं नाव-गाव मी इथं देत नाही. त्यांनीच बजावलं आहे, "साहेब, लिहायचं तर लिहा, पण नाव नको. पावणेरावळे पेपर वाचतात."

दवाखाना झाला, जखम भरली. पुढं एका शिबिरात त्यांना कृत्रिम हात मिळाला. रंग अगदी माणसाच्या कातडीसारखा, नखंसुद्धा काढलेली. पण बोटं हलत नाहीत. सहा महिन्यांनी मी घरी गेलो तेव्हा तो हात खुंटीला टांगलेला होता.

"लग्नाकार्याला घालतो," तात्या म्हणाले. "शेतात त्याचा काय उपयोग? खुरपं धरत नाही, कासरा धरत नाही, घमेलं धरत नाही."

तीन एकर रान बटईनं द्यायचं घरात चाललं होतं. थोरला मुलगा कंपनीत कामाला, त्याचंही तेच म्हणणं. तात्यांना ते मान्य नव्हतं. "बटईनं दिलं की मी नुसता ओट्यावर बसायचा माणूस झालो," असं ते म्हणाले. माझ्याजवळ त्यावर उत्तर नव्हतं. बियाणं, खत, फवारणी यावर आम्ही कृषी खात्याची माणसं तासभर बोलू. एका हातानं शेती कशी करायची, हे मला कोणत्याच अभ्यासक्रमात शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. त्यात एक गोष्ट लक्षात आली. अपंगांसाठी (सरकारी कागदावर आता दिव्यांग म्हणतात) जी चांगली साधनं गेल्या काही वर्षांत निघाली, त्यातली बरीच इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या हातून निघाली आहेत. आणि त्यातल्या बहुतेकांचा पहिला नमुना फसलेला आहे. तो का फसला आणि नंतर कसा जमला, हे आपल्या कामाचं आहे.

खेड्याच्या वाटेवरची खुर्ची

पहिली गोष्ट चाकाच्या खुर्चीची. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एमस विंटर नावाचा मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. २००५ साली तो आफ्रिकेतल्या टांझानियात गेला. तिथं चाकाच्या खुर्च्या कशा वापरल्या जातात हे बघायचं काम होतं. त्याला दिसलं ते आपल्याकडंही रोज दिसतं. दवाखान्यातली खुर्ची फरशीवर चालते. गावात खडी, चिखल, चढउतार आला की ती रुतते. दुसरं साधन म्हणजे हातानं पॅडल मारायची तीनचाकी सायकल. ती रस्त्यावर लांब पल्ला मारते, पण घरात शिरत नाही. बाजारातून आल्यावर माणसाला अंगणातच उतरावं लागतं.

यावर विंटर आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी मिळून एक खुर्ची तयार केली. मागं दोन मोठी चाकं, पुढं एक चाक, आणि दोन्ही बाजूंना दोन उभे दांडे. दांडे पुढं ढकलले की सायकलच्या चेननं मागची चाकं फिरतात. दांडे मागं आणताना फ्रीव्हीलमुळं चाकाला झटका बसत नाही. पार मागं ओढले की ब्रेक लागतो.

यातली खरी युक्ती अगदी साधी आहे. या खुर्चीत गिअर नाहीत. चढ आला, चिखल आला तर माणसानं दांडा वरच्या टोकाला धरायचा, म्हणजे जोर जास्त मिळतो. सपाट रस्ता आला तर खाली धरायचा, म्हणजे वेग जास्त मिळतो. पहारीनं दगड उलथताना आपण टोकाला धरतो, तोच हिशेब. घरात जायचं असलं की दांडे उपसून ठेवायचे, मग ती साधी चाकाची खुर्ची होते. हलते सगळे भाग सायकलचे. चेन तुटली, बेअरिंग गेलं, तर गावातला सायकलवाला दुरुस्त करू शकतो. परदेशातून सुटा भाग मागवायची गरज पडत नाही.

पण पहिला नमुना २००९ साली पूर्व आफ्रिकेत लोकांच्या हातात दिला तेव्हा तक्रारी आल्या. बाहेर चालते झकास, पण घरात वापरायला फार रुंद आणि फार जड. कागदावर आणि प्रयोगशाळेत सगळं बरोबर होतं. दाराची रुंदी वापरणाऱ्यालाच माहीत होती. मग त्यांनी खुर्ची अरुंद केली, वजन उतरवलं, ग्वाटेमाला देशात पुन्हा चाचणी घेतली. त्यानंतर भारतात जयपूर फूटवाल्या संस्थेबरोबर काम केलं. इंग्रजीत तिच्या नावाचा अर्थ होतो दांड्याच्या जोरावर मिळालेलं स्वातंत्र्य. आपल्या भाषेत तिला दांड्याची खुर्ची म्हणावं.

जयपूरचा धडा

या बाबतीत आपल्या देशानं जगाला आधीच एक धडा दिलेला आहे. १९६८ साली जयपुरात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट तयार केला. तोवर जो परदेशी पद्धतीचा पाय मिळायचा, त्यावर बूट घालावा लागे. तो घोट्यात वळत नसे, त्यामुळं उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे. पाण्याचिखलात तो खराब होई. शहरातल्या खुर्ची-टेबलाच्या माणसाला तो चालला असता. भाताच्या खाचरात उभं राहणाऱ्याला तो काय कामाचा? शर्मा हे हस्तकारागीर होते. त्यांनी रबर आणि लाकूड वापरून असा पाय केला की अनवाणी चालता येतं, चिखलात उतरता येतं, झाडावर चढता येतं. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भगवान महावीर विकलांग सहाय्यता समिती ही जयपूरची संस्था १९७५ पासून हे पाय मोफत बसवते.

पाय गुडघ्याच्या वरून गेला असेल तर नुसतं पाऊल पुरत नाही, गुडघ्याचा सांधाही लागतो. चांगला सांधा फार महाग. साधा घ्यावा तर ऐनवेळी वाकतो आणि माणूस पडतो. याच जयपूरच्या संस्थेसाठी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वर्गातला प्रकल्प म्हणून एक गुडघा केला. तेल मुरवलेल्या नायलॉनचा, त्यामुळं वंगण घालायची कटकट नाही. खर्च वीस डॉलरच्या आसपास. २००९ साली टाइम मासिकानं त्या वर्षीच्या उत्तम शोधांच्या यादीत त्याला घेतलं.

काठी जी डोक्यावरचंही सांगते

दिल्लीच्या आयआयटीतही असंच झालं. प्रा. एम. बालकृष्णन यांच्या हाताखाली २००५ च्या सुमारास पदवीच्या विद्यार्थ्यांनी अंध माणसाच्या काठीवर काम सुरू केलं. साधी पांढरी काठी जमिनीवरचा खड्डा, दगड सांगते. पण गुडघ्याच्या वर जे लटकत असतं ते तिला कळत नाही. आपल्या गावात बघा. उभ्या बैलगाडीची दांडी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची कड, रस्त्यावर आलेली बाभळीची फांदी. काठी खालून निघून जाते आणि कपाळमोक्ष होतो. या मुलांनी काठीच्या मुठीवर एक यंत्र बसवलं. वटवाघूळ जसं आवाज सोडून अडथळा ओळखतं, तसं ते तीन मीटरपर्यंतचा अडथळा ओळखतं आणि मुठीत थरथर देऊन सांगतं. अडथळा किती जवळ आला, ते थरथरीच्या प्रकारावरून कळतं. ही स्मार्टकेन काठी २०१४ साली बाजारात आली तेव्हा किंमत सुमारे ३ हजार रुपये होती. म्हणजे वर्गातला प्रकल्प ते दुकान, यात नऊ वर्षं गेली. त्या काळात अंध लोकांनी ती पुन्हा पुन्हा वापरून बघितली, नावं ठेवली, बदल करायला लावले.

चेन्नईच्या आयआयटीत तर यासाठी स्वतंत्र केंद्रच आहे. प्रा. सुजाता श्रीनिवासन ते चालवतात. माणसाला उभं करणारी खुर्ची तिथूनच २०१९ साली बाहेर आली. चाकाच्या खुर्चीला पुढून बॅटरीचं चाक जोडलं की तिची स्कूटरसारखी गाडी होते, हे साधनही तिथलंच, २०२० चं. ज्याला रोज तालुक्याला जाऊन दुकान, टपरी चालवायची आहे, त्याच्या कामाची ही वस्तू आहे.

शेतकऱ्याचं काय?

चालणं-फिरणं झालं, पण शेतातल्या कामाचं काय? अमेरिकेत याचा विचार बराच आधी झाला. तिथल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी विभागात १९७९ सालापासून अपंग शेतकऱ्यांसाठी काम चालतं. पायातली शक्ती गेलेल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या सीटवर उचलून बसवणारा पाळणा, क्लच आणि ब्रेक हातानं दाबायची सोय, एक हात नसलेल्याला चालतील अशी अवजारं. कोणी कोणत्या अडचणीवर काय युक्ती केली, हे त्यांनी जमवून छापलं. १९९० च्या शेती कायद्यात त्यासाठी तरतूद झाली आणि पुढच्या वर्षापासून हे काम राज्याराज्यांत पसरलं. ध्यानात घेण्यासारखं हे, की अनेक युक्त्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेडमध्ये आधीच केलेल्या होत्या. विद्यापीठानं त्या गोळा केल्या, सुरक्षित केल्या आणि दुसऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोचवल्या.

आपल्याकडं २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यातले सुमारे ६९ टक्के खेड्यात राहतात. महाराष्ट्राचा आकडा २९ लाख ६३ हजार. खेड्यातल्या माणसाचं काम म्हणजे बहुतेक शेतीचंच. तरी शिबिरात मिळणारी साधनं बघितली तर ती चालायची, बसायची आणि दिसायची असतात. राबायची फार थोडी.

आमच्याकडचा प्रयोग

दरवर्षी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आमच्या ऑफिसात येतात. कोणाला टोकण यंत्र करायचं असतं, कोणाला सोलरचा फवारा. परीक्षा झाली की ते यंत्र वर्कशॉपच्या कोपऱ्यात गंजतं. त्या वर्षी चार मुलं आली तेव्हा मी म्हटलं, "यंत्र राहू द्या. तुम्हाला एक माणूस दाखवतो." आणि त्यांना तात्यांकडं घेऊन गेलो.

मुलांनी सायकल कोळपं निवडलं. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं, एका माणसानं ढकलायचं. पण त्याला दोन मुठी असतात. एकाच हातानं ढकललं की ते एका अंगाला वळतं आणि पीक कापतं.

महिन्याभरानं पहिला नमुना आला. दणकट लोखंडी पाइप, स्प्रिंग, आणि तात्यांचा तोकडा हात पट्ट्यांनी आवळून धरणारा पंजा. वर्कशॉपच्या कोब्यावर मुलांनी तो फिरवून बघितला होता. रानात नेला तर वजन साध्या कोळप्याच्या दुप्पट. वाफशावरच्या काळ्या रानात पास खोल घुसली, कोळपं अडलं आणि तात्या तोल जाऊन पुढं आले. हात पट्ट्यात अडकलेला. मुलांनी धावत जाऊन सोडवला.

तात्या कुणावर रागावले नाहीत. बांधावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "पोरांनो, मला याच्यात बांधू नका. एकदा यंत्रानं धरलं तेवढं बास झालं."

चौघंही गप्प झाले. मलाही काही बोलता येईना. आम्ही पकड किती घट्ट पाहिजे याचा विचार करत होतो. या माणसाला हात सुटायला हवा, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसरा नमुना मुलांनी तात्यांच्या अंगणात बसून केला. पंजा, पट्टे, स्प्रिंग सगळं काढून टाकलं. पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पन्हळ केली. आतून जुन्या सायकलची ट्यूब चिकटवली आणि ती पन्हळ मुठीच्या जागी आडवी बसवली, उघडी बाजू माणसाकडं. तोकडा हात त्यात नुसता टेकवायचा आणि पुढं रेटायचं. टोकावर भार येत नाही, सगळ्या बाहूवर येतो. पाय घसरला तर हात आपोआप मोकळा. मागं ओढायला डावा हात पुरतो. दांड्याची उंची तात्यांच्या कमरेच्या मापानं घेतली. पास नऊ इंचांची होती ती सहा इंचांची केली, म्हणजे माती कमी ओढते. ओळीच्या शेवटी कोळपं उचलून वळवायला खांद्यावरून एक पट्टा दिला. तो खांद्यावरून झटकला की निघतो. जुन्या कोळप्याखेरीज खर्च सोळाशे रुपये आला.

मी काही चमत्कार झाला म्हणत नाही. पहिल्या आठवड्यात दिवसाला जेमतेम आठ-दहा गुंठे झाले. तोकड्या हाताची कातडी सोलली म्हणून मध्ये चार दिवस थांबावं लागलं. मग ट्यूबवर जुन्या गोधडीचा तुकडा लावला, ती युक्ती काकूंची. आता सवयीनं वीस गुंठ्यांच्या आसपास होतात. ओळीतलं तण अजून काकूंनाच खुरपावं लागतं. पण रान बटईनं गेलं नाही.

मुलांना प्रोजेक्टचे गुण मिळाले, ती नोकरीला लागली. गेल्या वर्षी पन्हळीखालचं वेल्डिंग तुटलं, ते गावातल्याच वेल्डरनं जोडून दिलं. ते त्याला जोडता आलं, कारण त्यात कळत नाही असं काही नव्हतं. पहिला नमुना तुटला असता तर तो वर्कशॉपमध्येच न्यावा लागला असता.

आता काय करावं?

इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या गुरुजनांना विनंती आहे. प्रोजेक्टचा विषय शोधायला इंटरनेटवर जाण्याआधी आपल्या तालुक्यात एक चक्कर मारा. मापं घ्या, पण त्याआधी त्या माणसाबरोबर एक दिवस शेतात काढा. नमुना कोब्यावर नाही, ओल्या रानात तपासा. आणि परीक्षा झाल्यावर यंत्र वर्कशॉपमध्ये ठेवू नका, ज्याच्यासाठी केलं त्याला द्या. आराखड्याची एक प्रत तालुका कृषी कार्यालयात ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला ती देता येईल.

शेतकरी बंधू-भगिनींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हात तुटल्यावर अवजार करण्यापेक्षा हात वाचवणं कधीही बरं. मळणी यंत्रांसाठी १९८३ सालापासून धोकादायक यंत्रांचा कायदा आहे. काड टाकायची नळी एकूण किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली असावी, असं मानक सांगतं. ती तेवढी असली तर हात ड्रमपर्यंत पोचतच नाही. यंत्र भाड्यानं आणाल तेव्हा टेप लावून बघा. अनेक ठिकाणी काम भराभर व्हावं म्हणून ही नळी कापून टाकलेली असते. तात्यांच्या रानातल्या यंत्राची कापलेलीच होती. त्याच गावात त्याआधी मी मळणीचं प्रात्यक्षिक घेतलं होतं. किती क्विंटल मळून होतं ते सांगितलं, नळीबद्दल बोललो नव्हतो. आता प्रत्येक बैठकीत आधी तेच बोलतो. सैल बाही, उपरणं, लोंबता पदर यंत्राजवळ नको. काड अडकलं तर आधी यंत्र बंद, मग हात.

अपघात झालाच तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये, आणि दोन अवयव गेल्यास किंवा मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या घरातली आणखी एक व्यक्ती, वय १० ते ७५, यांना ती लागू आहे. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करायचा, आणि लगेच करायचा. दवाखान्याच्या धावपळीत दिवस निघून जातात आणि कागद राहतात.

अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्या. २०१६ च्या कायद्यानं शेतजमीन वाटपाच्या योजनांत अशा व्यक्तींना ५ टक्के आरक्षण दिलं आहे, त्यात महिलांना प्राधान्य आहे. शिबिरात साधन घेताना तुम्ही कोणतं काम करता ते स्पष्ट सांगा. नुसता दिसणारा हात हवा की काम करणारा, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

परवा तात्यांच्या रानावरून गेलो. तूर फुलात होती. तात्या म्हणाले, "साहेब, कोळपं झालं. आता पाठीवरच्या पंपाचं काहीतरी बघा. दांडा डाव्या हातानं मारला तर नळी कशानं धरायची?"

या वर्षी प्रोजेक्टला येणाऱ्या मुलांसाठी विषय तयार आहे.